लघु नसलेली शंका

गोष्ट ऑक्टोबर हीटच्या दिवसांतली. पुण्यात, कोथरूडला आमचा टू-बीएचके फ्लॅट आणि त्यात आम्ही तिघं. एक आयटीवाला, एक बँकवाला आणि तिसरा मी. मी घरी बसून लिहितो, त्यामुळे बाकीच्या दोघांच्या मते ‘बेकार’. त्या बुधवारी आयटीवाला ऑफिसमधून आला तो बॅग सोफ्यावर फेकून तडक बाथरूममध्ये. बाहेर आला, घटाघटा पाणी प्यायला आणि पुन्हा आत. तासाभरात हे तीनदा झालं तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर केली.

‘‘काय रे, आज मुक्काम तिथेच का?’’

‘‘उन्हाळी लागलीय यार,’’ तो म्हणाला. विषय संपला.

‘उन्हाळी’ हा आपल्या मराठीतला फारच सोयीचा शब्द आहे. लघवीला जळजळ झाली की ती उन्हाळी. मग ती मे महिन्यात लागो, नाहीतर भर पावसाळ्यात एसी ऑफिसात बसून! उपायही घरोघरी ठरलेले. धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी, कोकम सरबत. आमच्या साहेबांनी घरी फोन लावून आईला विचारलं आणि वाळ्याचं पाणीही केलं. आईला पूर्ण सांगितलं नव्हतंच. ‘‘जरा उष्णता झालीय गं,’’ एवढंच. शिवाय मागे घसा धरला होता तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या ड्रॉवरमध्ये उरल्या होत्या. त्याही त्याने गुपचूप घेऊन टाकल्या. हे आम्हाला फार नंतर कळलं.

गुरुवारी त्याची पाठ धरली. पाठ म्हणजे कंबरेच्या खाली. त्याने हिंजवडीच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घातल्या आणि रात्री उभ्या उभ्याच जेवला. ‘‘बसलं की कसंतरी होतं,’’ म्हणाला. बँकवाल्याने लगेच मूळव्याधीवरचे सगळे जोक्स काढले. आम्ही हसलो. तोही हसला, पण जरा कमीच.

मग हुडहुडी भरली. थर्मामीटर लावला तर १०३. दोन पांघरुणं घातली, पॅरासिटामॉल दिली आणि तिघांनी एकमताने ‘व्हायरल’ असं निदान करून टाकलं. पहाटे तीनला त्याने मला हलवून उठवलं.

‘‘ए, ऊठ ना. होतच नाहीये. सारखी लागलीय आणि एक थेंब येत नाहीये. फुटेल असं वाटतंय.’’

रिक्षात बसवला, पण त्याला बसता येईना. एका कुशीवर कलंडूनच तो कॅज्युअल्टीपर्यंत आला. ड्युटीवरचे डॉक्टर आमच्याच वयाचे असतील. ताप कधीपासून, जळजळ कधीपासून, सगळं विचारलं. मग त्यांनी सरळ विचारलं, ‘‘अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात दुखतंय का?’’ मित्राने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘नाही, तसं काही नाही.’’ डॉक्टर हुशार. ते मला म्हणाले, ‘‘तुम्ही जरा बाहेर थांबता का?’’

दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. तिथे चार दिवसांपासून दुखत होतं. मला मात्र त्याने पाठ सांगितली होती, आईला उष्णता आणि बॉसला व्हायरल!

निदान झालं, ‘अॅक्यूट बॅक्टेरियल प्रोस्टेटायटिस’. मराठीत सांगायचं तर प्रोस्टेट ग्रंथीला जंतूंचा संसर्ग. त्यावर आम्हा दोघांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, ‘‘प्रोस्टेट? तो तर आजोबांना होतो ना?’’

आजचा कॉलम या वाक्यासाठी आहे.

अक्रोडाएवढी गोष्ट

पहिली गोष्ट म्हणजे प्रोस्टेट ‘होत’ नाही, तो असतो. प्रत्येक पुरुषाला असतो. आपल्या पुस्तकी मराठीत त्याला पौरुषग्रंथी म्हणतात. आकार साधारण अक्रोडाएवढा आणि तरुणपणी वजन २० ग्रॅमच्या आसपास. मूत्राशयाच्या अगदी खाली आणि गुदाशयाच्या पुढे तो बसलेला असतो. वीर्यातल्या द्रवाचा काही भाग तिथे तयार होतो.

पण खरी गोम त्याच्या जागेत आहे. मूत्राशयातून निघालेली लघवीची नळी या ग्रंथीच्या मधून आरपार जाते. त्यामुळे ग्रंथी सुजली की नळी आवळली जाते. धार बारीक होते, अडकत येते आणि फारच सूज आली तर बंदच पडते. पहाटे तीनला आमच्याकडे झालं ते हेच.

आता आजोबांचं. वाढत्या वयात प्रोस्टेट हळूहळू मोठा होतो. त्याने रात्री सारखं उठावं लागतं, कधी ऑपरेशनही करावं लागतं. आपण घराघरात ऐकलेलं ‘प्रोस्टेट’ ते हे. प्रोस्टेटचा कॅन्सरही बहुतेक उतारवयातला. प्रोस्टेटायटिसचं गणित मात्र वेगळं आहे. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटची जी तक्रार सगळ्यात जास्त दिसते ती हीच. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची, डेडलाइनवाली, ईएमआयवाली मंडळी या आजाराच्या बरोब्बर टप्प्यात येतात. आणि आपल्याला तर हे नावच माहीत नसतं!

लक्षणं ओळखायची कशी?

अचानक येणारा संसर्ग, म्हणजे माझ्या मित्राला झाला तो प्रकार, लपून राहत नाही. आपणच त्याला तुकड्या-तुकड्यांत बघतो म्हणून तो कळत नाही. ताप वेगळा, पाठ वेगळी, उन्हाळी वेगळी. हे तुकडे एकत्र ठेवले की चित्र असं दिसतं.

एक, ताप आणि थंडी. चांगला सणसणीत ताप, हुडहुडी, अंग मोडून येणं. इथेच ‘व्हायरल’चा गोंधळ होतो. पण व्हायरलमध्ये सर्दी, खोकला, घसा यांपैकी काहीतरी सोबत असतं. इथे सोबत असते ती लघवीची तक्रार.

दोन, लघवी. जळजळ होते, सारखी लागते, लागली की थांबवत नाही. गेल्यावर मात्र थोडीच होते. धार बारीक, सुरू व्हायला वेळ लागतो आणि झाल्यावरही पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. रंग गढूळ, वास उग्र. कधी त्यात रक्तही दिसतं.

तीन, दुखण्याची जागा. अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधला भाग, ओटीपोट, जांघ, कंबरेच्या खालची पाठ, लिंगाचं टोक. यातल्या कुठेही दुखू शकतं. बसलं की जास्त दुखतं. अनेकांना शौचाला बसतानाही दुखतं.

चार, जे सांगायला सगळ्यात जड जातं ते. वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा नंतर दुखणं, वीर्यात रक्त दिसणं. हे दिसलं की पोरं हादरतात आणि त्याहून जास्त गप्प होतात. याची कारणं बहुतेकदा साधी आणि बरी होणारी असतात. पण ती तपासल्याशिवाय कळत नाहीत.

या चारपैकी सगळीच लक्षणं हवीत असं नाही. थंडी वाजून ताप आणि लघवीचा त्रास, एवढी जोडी पुरेशी आहे. ती दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वीकेण्डची वाट बघायची नाही. कारण प्रोस्टेटमधले जंतू रक्तात उतरू शकतात आणि मग मामला आयसीयूपर्यंत जाऊ शकतो. आणि लघवी पूर्ण बंद झाली तर ती सरळ इमर्जन्सी आहे. रात्रीचे तीन असोत, नाहीतर रिलीजची रात्र असो.

जंतू येतात कुठून?

बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून. ई. कोलाय नावाचा जंतू आतड्यात सुखाने नांदत असतो. तोच लघवीच्या वाटेने वर चढला की भानगड होते. ज्यांना आधी लघवीचा संसर्ग होऊन गेलाय, ज्यांना लघवीसाठी नळी घातली गेली होती, ज्यांना डायबेटिस आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांना धोका जास्त. तरुणांमध्ये गनोरिया आणि क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून येणारे जंतूही कधीकधी कारण ठरतात. म्हणून डॉक्टर त्याबद्दल विचारतात. तो चौकशी आयोग नसतो, त्यावरून औषध ठरणार असतं.

इथे मैत्रिणींसाठी एक सूचना. पान उलटू नका! ‘प्रोस्टेटला इन्फेक्शन’ ऐकल्याबरोबर ‘कुठे गेला होतास?’ असा सवाल करू नका. आतड्यातल्या जंतूंमुळे झालेला संसर्ग जोडीदाराकडून आलेला नसतो. शरीरसंबंधातून आलेला जंतू तपासणीत सापडला, तर मात्र दोघांनीही उपचार घ्यायचे. एकट्याने घेऊन उपयोग नाही. आणि कंडोमला सुट्टी नाही.

जो पटकन जात नाही तो

आतापर्यंतची गोष्ट वादळासारखी येणाऱ्या प्रकाराची. पण या आजाराचे आणखीही अवतार आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली याची चार गटांत विभागणी केली आणि डॉक्टर आजही तीच वापरतात. पहिला गट अचानक येणारा संसर्ग. दुसरा, जुनाट संसर्ग. यात ताप नसतो, पण लघवीचा संसर्ग औषधाने जातो आणि काही दिवसांनी पुन्हा हजर होतो, बहुतेक वेळा तोच जंतू घेऊन. कारण त्याने प्रोस्टेटमध्ये पागडी देऊन खोली घेतलेली असते.

तिसरा गट सगळ्यात मोठा. प्रोस्टेटायटिसची तक्रार घेऊन येणाऱ्या दहातले जवळजवळ नऊजण यातले असतात. त्यांना ओटीपोटात, जांघेत, ‘खाली’ कुठेतरी दुखत असतं. कधी जास्त, कधी कमी, पण तीन महिने उलटले तरी जात नाही. लघवीचा त्रास असतो, स्खलनाच्या वेळी दुखतं. आणि तपासणीत जंतू एकही सापडत नाही! चौथ्या गटात काहीच त्रास नसतो. दुसऱ्या कशाची तरी तपासणी करताना प्रोस्टेटला सूज आहे हे योगायोगाने कळतं.

तिसऱ्या गटातल्यांचे हाल विचारू नका. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘‘काही नाही, टेन्शन आहे.’’ मग डॉक्टर बदलायचे, अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स, मग आणखी एक. खरं तर जंतू नसतील तर अँटिबायोटिकचे कोर्समागून कोर्स करून काही मिळत नाही. पण दुखणं खरं असतं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती अनेकांमध्ये सतत आवळलेली राहते. त्यावर खास फिजिओथेरपी असते. लघवीची वाट सैल करणारी औषधं असतात. कोमट पाण्याच्या टबात बसून शेक घेतल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. ताणतणावाने दुखणं वाढतं हेही खरं आहे. पण ‘ताणाने वाढतं’ आणि ‘मनाचे खेळ आहेत’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि बाइक? दुचाकी म्हणजे पुणेकराचा जीव की प्राण, म्हणून आम्ही हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच. सीटमुळे जंतू येत नाहीत. पण जुनाट दुखणं असेल तर तासन्‌तास सीटवर किंवा खुर्चीत दबून बसल्याने ते वाढू शकतं. दर तासाला उठून चार पावलं टाकायला कोणाची परवानगी लागत नाही.

उरलेल्या तीन गोळ्या

आता परत ड्रॉवरमधल्या गोळ्यांकडे येऊ. हॉस्पिटलमध्ये लघवीची वाट मोकळी करायला नळी घातली, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. त्याआधी लघवी आणि रक्त ‘कल्चर’साठी पाठवलं. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवायचे आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते बघायचं. दोन-तीन दिवस लागतात. रिपोर्ट आला तेव्हा मी खूश झालो. एकही जंतू वाढला नव्हता!

डॉक्टर मात्र खूश नव्हते. त्यांनी मित्राला विचारलं, ‘‘आधी काही घेतलं होतं का?’’ आणि तेव्हा त्या तीन गोळ्यांची गोष्ट बाहेर आली. तीन गोळ्यांनी संसर्ग मेला नव्हता, पण लॅबमध्ये ओळख पटण्याइतका तो उरलाही नव्हता. चोर पळाला नाही, फक्त त्याच्या बोटांचे ठसे पुसले गेले. आता नेमकं औषध देण्याऐवजी अंदाजाने द्यावं लागणार होतं. त्याला ते लागू पडलं, हे त्याचं नशीब.

नशीब म्हणायचं कारण आहे. अँटिबायोटिक्स अशी उरलीसुरली, अर्धीमुर्धी घेऊन घेऊन आपल्याकडचे जंतू निर्ढावलेत. लघवीच्या संसर्गावर एकेकाळी हमखास चालणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना भारतातले कितीतरी ई. कोलाय आता दाद देत नाहीत. बरीच अँटिबायोटिक्स २०१४पासून ‘शेड्यूल एच-१’ या यादीत आहेत. म्हणजे केमिस्टने ती प्रिस्क्रिप्शनवरच द्यायची आणि रजिस्टरमध्ये नोंदही ठेवायची. कायदा आहे. पण आपल्या ड्रॉवरला कुठला कायदा लागू होणार?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी लघवीचा नमुना, मग अँटिबायोटिक. नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायची. आणि औषध सुरू झालं की पूर्ण करायचं. साध्या संसर्गाला पाच-सात दिवस पुरतात म्हणून इथेही पुरतील असं नाही. प्रोस्टेटमध्ये औषध सहज शिरत नाही. त्यामुळे अचानक आलेल्या संसर्गाला साधारण दोन ते चार आठवडे, जुनाट संसर्गाला चार ते सहा आठवडे किंवा त्याहूनही जास्त औषध चालतं. माझा मित्र चार दिवसांनी घरी आला आणि आठव्या दिवशी म्हणाला, ‘‘मी एकदम ओके आहे, आता कशाला गोळ्या?’’ त्याला कोर्स पूर्ण करायला लावण्याचं काम मी आणि बँकवाल्याने आळीपाळीने केलं. मध्येच सोडलं तर दुखणं परत येऊ शकतं, जुनाट होऊ शकतं, क्वचित प्रोस्टेटमध्ये गळूही होतं.

तपासणीची भीती

‘डॉक्टर बोट घालून तपासतात’ या एका वाक्यापायी किती मुलगे दवाखान्याच्या दारातून परत फिरत असतील कोण जाणे. खरंय, तपासतात. ग्लव्ह घालून, जेल लावून, गुदद्वारातून. प्रोस्टेटला हात लावायची तीच वाट आहे. अर्धा मिनिट लागतो. संसर्ग असेल तर दुखतं, म्हणून डॉक्टर अगदी हलक्या हाताने तपासतात. अशा वेळी प्रोस्टेटला मसाज करायचा नसतो, कारण त्याने जंतू रक्तात जाऊ शकतात. तेव्हा कोणी ‘मसाजने मोकळं होईल’ म्हणालं तर तिथून निघा.

आणखी एक. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात हल्ली ‘पीएसए’ नावाची रक्ततपासणी असते. ती कॅन्सरच्या संशयासाठी करतात. पण प्रोस्टेटला संसर्ग झाला की हा आकडा वाढतोच आणि बरं झाल्यावरही काही आठवडे वाढलेला राहतो. त्यामुळे ऐन तापात कोणी ही टेस्ट करून आकडा बघत बसला, तर नसती धडकी भरेल. टेस्ट कधी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालेल. गरज पडली तर तेच युरॉलॉजिस्टकडे पाठवतात. फक्त तिथे गेल्यावर ‘पाठ दुखते’ म्हणू नका. कुठे दुखतं, कधीपासून, ताप होता का, रात्री किती वेळा उठावं लागतं, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, शरीरसंबंध आहेत का, हे सांगा. तोंडाने जमत नसेल तर मोबाइलमध्ये टाइप करून स्क्रीन दाखवा. डॉक्टरांना काही वाटत नाही, त्यांचा दिवस यातच जातो.

डब्यातले डॉक्टर

मुंबईच्या लोकलच्या डब्यात किंवा एसटी स्टँडच्या मुतारीत ज्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात त्या डॉक्टरांबद्दल मात्र हे लागू नाही. ‘गुप्तरोग, धातू जाणे, तारुण्यातील चुका’... हे आपण लहानपणापासून वाचत आलोय. लघवीला जळजळ झाली, थोडा चिकट स्राव दिसला की मुलगा आधी स्वतःच्या ‘चुका’ आठवायला लागतो. वीर्य गेलं की शक्ती गेली, या भीतीने खचलेले इतके तरुण दवाखान्यात यायचे की डॉ. एन. एन. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली त्या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. या भीतीवर अनेकांची दुकानं चालतात. पण हस्तमैथुनाने प्रोस्टेटला संसर्ग होत नाही. आणि झालेला संसर्ग चूर्णाने जात नाही. ‘चूक’ शोधण्यात जेवढे दिवस जातात तेवढे जंतूंना फुकट मिळतात.

खरं तर या बाबतीत आपल्या मराठीची परंपरा फार धीट आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये जाईपर्यंत एकहाती चालवलं. वाचक शरीराबद्दलचे प्रश्न विचारायचे आणि कर्वे त्यांची सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ साली खटला चालला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. त्या काळात लोक पोस्टकार्डावर विचारत होते. आणि आपण कॅज्युअल्टीत, पहाटे तीनला, १०३ तापात म्हणतो, ‘‘तसं काही नाही.’’

मग पुढे?

मित्र आता ठणठणीत आहे. ऑफिसात अजून ‘व्हायरल’च रेकॉर्डवर आहे. पण परवा एक गंमत झाली. त्याच्या टीममधला एक ज्युनिअर सारखा उठून जात होता, मीटिंगमध्ये उभाच राहत होता. आमच्या साहेबांनी त्याला पॅन्ट्रीत गाठलं आणि कॉफीचा कप हातात देत विचारलं, ‘‘लघवीला जळजळ होतेय का? ताप? कुठे दुखतंय, नीट सांग.’’ पोरगं आधी लाल झालं. मग म्हणालं, ‘‘सर, उन्हाळी लागलीय बहुतेक.’’

‘‘उन्हाळी गेली खड्ड्यात. चल डॉक्टरकडे.’’

सोनोग्राफीत निघाला मुतखडा. आमच्या साहेबांचं निदान साफ चुकलं. पण पोरगं वेळेवर दवाखान्यात पोचलं, त्यामुळे साहेब सध्या भलतेच खूश आहेत.

कापून ठेवा

• त्याच दिवशी डॉक्टरकडे जा: थंडी वाजून ताप आणि सोबत लघवीचा कुठलाही त्रास असेल तर.

• लगेच हॉस्पिटल गाठा: लघवी लागूनही अजिबात होत नसेल, ग्लानी किंवा चक्कर येत असेल, श्वास जोरात चालत असेल तर.

• या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या: ताप नाही, पण जळजळ, ‘खाली’ दुखणं, स्खलनाच्या वेळी दुखणं, लघवीत किंवा वीर्यात रक्त, यांपैकी काही असेल तर. लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तरीही.

• गोंधळ होतो तो यांच्याशी: पाठीच्या एका बाजूने निघून जांघेकडे जाणारी, लोळायला लावणारी कळ असेल तर मुतखड्याचा संशय. एका अंडकोषात अचानक असह्य दुखायला लागलं तर तीही इमर्जन्सी, कारण अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो.

• अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना द्या. सुरू केलं की कोर्स पूर्ण करा.

• नारळपाणी, ताक, वाळ्याचं पाणी जरूर प्या. डॉक्टरकडे जाताना रिक्षात प्या!